दोन हातांचं अंतर

देवास, १२ ऑगस्ट १९७८

ताई,

आधीची दोन आंतरदेशीय पत्रं फाडली. ‘तीर्थरूप’ लिहिलं की पुढे ‘साष्टांग नमस्कार’ लिहावा लागतो, आणि तिथे हात अडतो. म्हणून हे तिसरं नुसतं ‘ताई’ म्हणून लिहायला घेतलं आहे.

तू अजून उदयनगरच्याच दवाखान्यात आहेस की बदली झाली, तेही मला ठाऊक नाही. तीन वर्षांत मी कोणाला विचारलं नाही. पत्त्यात ‘जयवंतीबाई, नर्स’ एवढंच लिहितो. त्या जंगलात दुसरी मराठी नर्स कुठली असणार, पोस्टमन पोचवेल.

आम्ही धार सोडलं. मागच्या दिवाळीनंतर मला इथे देवासला एका नव्या कारखान्यात स्टोअरमध्ये नोकरी लागली. नट-बोल्ट, बेअरिंगं, तेलाचे डबे, सगळ्यांना नंबर. माझ्यासारख्या माणसाला बरं काम आहे. टेकडीखाली दोन खोल्या घेतल्या आहेत. आई आमच्याजवळच असते. गुडघे धरले आहेत, पण जीभ ठणठणीत आहे. शेजारच्या माळवी बायकांना ती बाबांच्या वेळच्या दरबारी मराठीत रागावते आणि त्या ‘हाँ माँजी, हाँ माँजी’ करत हसतात.

लतिका बरी आहे. म्हणजे तिला चौथा महिना आहे. हे मधेच लिहून टाकलं, कारण शेवटी लिहीन म्हटलं असतं तर राहून गेलं असतं.

मागे धारला जे झालं ते झालं. त्याबद्दल आता काय लिहायचं? तू तरी काय करणार होतीस, आणि मी तरी.

विचारायचं होतं ते एवढंच, की या दिवसांत ताकदीचं औषध कुठलं चांगलं? केमिस्ट तीन नावं सांगतो.

उत्तर कारखान्याच्या पत्त्यावर पाठव. घरी नको. आई तुझं अक्षर ओळखते.

चिंतामणी


देवास, ४ सप्टेंबर १९७८

ताई,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी. ‘बदली नाही. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, केमिस्टकडे जाऊ नकोस. लतिकेला स्वतःच्या हाताने लिहू दे.’ वाचून मला हसू आलं. बाबा असेच लिहायचे.

कार्ड आमच्या फोरमनने, गणपतरावांनी, आधी वाचलं आणि मग मला दिलं. आता सगळं स्टोअर मला लोहाच्या गोळ्यांची आठवण करतं.

लतिकाला सांगितलं. मला वाटलं होतं ती रागावेल, इतके दिवस चोरून पत्र लिहिलं म्हणून. तिने भाजी चिरत होती ती ठेवली, हात धुतले आणि कागद मागितला. सोबत तिची चिठ्ठी आहे. मी ती वाचलेली नाही असं तुला लिहायला तिने मला सांगितलं आहे. मी वाचली आहे.



चिंतामणी

(सोबतची चिठ्ठी)

वन्सं, नमस्कार.

मी उज्जैनला हिंदी शाळेत शिकले, माझं मराठी कच्चं आहे, गलती माफ करा.

मागच्या वेळी धारला तुम्ही सुट्टी काढून माझ्या बाळंतपणाला आला होता. मला आई नाही म्हणून. बाळ झालं तेव्हा तुम्ही त्याला पुसून माझ्याकडे आणत होता, ते मी पाहिलं. मग दाराशी आवाज झाले. मी सगळं ऐकलं. लोक समजतात बाळंतीण बेहोश असते. मग तुम्ही गेलात आणि बाळाला सासूबाईंच्या जवळ गादीवर ठेवलं. ते माझ्यापासून दोन हातांवर होतं. रडत होतं आणि तोंड इकडे तिकडे करत होतं. मी मागितलं तर म्हणाले, अभी नहीं, चौथ्या दिवशी. तीन दिवस दाई मला दूध पिळून टाकायला लावायची आणि त्याला गूळपाणी आणि कापसाच्या बोळ्याने गाईचं दूध द्यायचे. चौथ्या दिवशी त्याला माझ्याजवळ दिलं तर त्याला ओढायची ताकदच नव्हती.

मला वाटलं होतं, बडे लोग हैं, त्यांना जास्त कळतं. मला कोणी काही विचारलंच नाही.

या वेळी मी काय करू? तुम्ही सांगाल तसं करीन.

लतिका


देवास, १५ ऑक्टोबर १९७८

ताई,

तुझं चार पानी पत्र लतिकाच्या नावाने थेट घरीच आलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. पण तुझं अक्षर मोडी वळणाचं. लतिकाला ‘चि. सौ. लतिकेस’ यापुढे एक शब्द लागेना. तिने पत्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, “वाचा. मोठ्याने.”

ताई, हे विषय पुरुषाने मोठ्याने वाचायचे नसतात. मी खिडकी लावून घेतली. पहिल्या पानावरच माझे कान तापले. तरी वाचत गेलो, स्टॉकची यादी वाचावी तसा, एका सुरात. आणि त्याच सुरात मी हेही वाचून टाकलं: ‘चिंतू, हे तूच वाचत असणार. आवाज चढव, स्वयंपाकघरात आईलाही ऐकू जाऊ दे.’

आतून भांड्याचा आवाज थांबला.

“जयूचं पत्र आहे कां?” आईने विचारलं.

मी हो म्हटलं. ती आली नाही, पण भांडीही पुन्हा वाजली नाहीत. मग मी खरोखरच आवाज चढवला.

तू लिहिलंस की बाळंतपणाच्या आधीच दवाखान्यातल्या सिस्टरला भेटून सांगून ठेवा, कारण ऐन वेळी कोणाला कोणाचं ऐकायला सवड नसते. बाळ पुसलं, रडलं, की ते उघड्या अंगाने आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं आणि वरून दोघांवर पांघरूण घालायचं. पहिल्या तासात पोर टक्क जागं असतं, आपणच तोंड मारत येतं. मग झोपतं आणि उठवणं कठीण जातं. मध नको, गूळपाणी नको, गुटी नको. त्याने पोट भरलं की पोर ओढत नाही, आणि पोर ओढत नाही म्हणून दूध उतरत नाही. हे वाचताना लतिकाने हात वर केला, शाळेतल्यासारखा, आणि म्हणाली, “हे परत.” मी परत वाचलं.

चीकदुधाचं तू लिहिलंस ते मला स्टोअरमध्ये बसल्या बसल्याही आठवतं. ‘इथल्या बायका वासराला पहिला चीक पाजल्याशिवाय गाईपासून हलवत नाहीत, आणि स्वतःच्या पोराचा मात्र मातीत पिळून टाकतात. मी त्यांना विचारते, वासरू पोरापेक्षा लाडकं आहे का गं? त्या हसतात. पण हसल्या की पुढच्या वेळी ऐकतात.’

आणि शेवटचं. ‘जवळ आपलं माणूस हवं. होईल, घाबरू नकोस, असं म्हणणारं कोणी असलं की त्या बाईचं पोर लवकर पितं. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, इतक्या वर्षांत खोल्याखोल्यांतून पाहिलंय.’

वाचून झाल्यावर आई दाराशी आली. म्हणाली, “मी पाच बाळंतपणं काढली आहेत. मला पत्रातून शिकवायची गरज नाही.” आणि परत आत गेली.

मी हिशेब कधी केला नव्हता, ताई. पाच. आणि आपण दोघं.

लतिका रोज ते पत्र वाचून घेते. मला ते आता पाठ होत आलं आहे.

चिंतामणी


देवास, १९ नोव्हेंबर १९७८

ताई,

आज तुला सगळं लिहितो. पहिल्या पत्रात ‘झालं ते झालं’ लिहिलं होतं, ते खोटं होतं. झालं नव्हतं, मी केलं होतं.

काल तू सांगितल्याप्रमाणे दवाखान्यात गेलो. तिथल्या शशिकला सिस्टर मराठीच आहेत, चाळिशीच्या, कडक. लतिकाला तपासलं, गोळ्या दिल्या, मग वही उघडून विचारलं, “पहिलं मूल?”

मी म्हटलं, “गेलं. नशीब.”

लतिका म्हणाली, “नशीब नाही. दूध पाजू दिलं नव्हतं.”

“कोणी?”

लतिकाने माझ्याकडे पाहिलं. आईचं नाव घेतलं नाही, दाईचं नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं. सिस्टरनी वही मिटली आणि म्हणाल्या, “या वेळी तुम्ही कुठे असणार?” मी म्हटलं, “बाहेर, व्हरांड्यात.” त्या म्हणाल्या, “हलू नका तिथून.”

परत येताना आम्ही चालत आलो. स्टेशन रोडवर लतिकाने पेरू घेतले.

तर ऐक. धारला त्या दुपारी बाळ रडलं आणि मी दाराशी धावलो. तू त्याला धोतराच्या मऊ फडक्यात धरलं होतंस आणि लतिकेच्या पदराकडे नेत होतीस. आई आतून म्हणाली, “तिचा हात पहिला नको.” तू विधवा म्हणून. तू थांबलीस आणि माझ्याकडे पाहिलंस. तुला वाटलं, चिंतू बोलेल. तू मला शाळेत हात धरून नेलेलं, माझ्या गोवराच्या तापात तू माझ्या उशाशी बसलेली. आणि मी बोललो. मी म्हटलं, “ताई, तुझं नर्सपण दवाखान्यात ठेव. जिची कूस कधी भरली नाही तिने बाळंतिणीला शिकवू नये.”

हे वाक्य मी तीन वर्षं कोणाला सांगितलं नाही. आत्ता लिहिलं तर किती लहान दिसतंय.

अजून एक आहे. ते तर तुलाही माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तू ट्रंक घेऊन निघालीस तेव्हा मी सायकलने स्टँडवर आलो होतो. तू लिंबाखाली ट्रंकेवर बसली होतीस. इंदूरच्या दोन गाड्या गेल्या, तू चढली नाहीस. तू कोणाची वाट बघत होतीस ते मला कळत होतं. मी पानाच्या ठेल्यामागे उभा होतो. तिसऱ्या गाडीत तू चढलीस. वीस पावलं चालायचं होतं, ताई.

आठवड्याने, नवव्या दिवशी, बाळ गेलं. हगवण लागली होती, डोळे खोल गेले होते. डॉक्टर आले तोवर उशीर झाला होता. तुला मी कळवलं नाही. तुला दुसऱ्याच कोणाकडून कळलं. तू पत्र पाठवलंस. ते मी वाचलं आणि लतिकाला दाखवलं नाही. काल घरी आल्यावर ते तिला दिलं. तिने मला ते वाचून दाखवायला सांगितलं नाही. एकेक अक्षर लावत स्वतःच वाचलं, तास लागला तिला.

तू येशील का, असं विचारायचा मला हक्क नाही. तरी विचारतो. जानेवारीचा तिसरा आठवडा सांगितला आहे.

चिंतामणी


देवास, १६ जानेवारी १९७९

ताई,

तुझं पत्र उशिराने मिळालं. महिनाभर मी रोज पोस्टमनची वाट पाहिली.

येणार नाहीस. तुझ्याकडे चार बायका दिवसांवर आल्या आहेत आणि दुसरी नर्स नाही. बरोबर आहे. तुझी जागा तिथेच.

तू लिहिलंस, ‘पोर त्यामुळेच गेलं असं मी म्हणणार नाही. ते छातीला हात लावून कोणीच सांगू शकत नाही. पण त्याला जे मिळायला हवं होतं ते मिळालं नाही, आणि लतिकेलाही नाही, एवढं खरं.’ हे मी लतिकाला वाचून दाखवलं. ती रडली आणि मग म्हणाली, तिला बरं वाटलं. का ते मला नीट समजलं नाही. कोणीतरी ‘लतिकेलाही’ म्हणालं, म्हणून असेल.

माझ्या वाक्याबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, ‘त्याबद्दल मला अजून लिहिता येत नाही.’ लिहू नकोस. मी घाई करत नाही.

आणि खाली, ‘मी नसले तरी अडत नाही. दाराशी तू असशील ना?’

असेन.

आईला मी सगळं सांगितलं आहे, तू काय काय लिहिलंस ते. तिने ऐकून घेतलं. संक्रांतीचा हलवा करत होती. म्हणाली, “बरं.” तिचं ‘बरं’ म्हणजे काय ते तुला माहीत आहे.

चिंतामणी


देवास, २२ जानेवारी १९७९

ताई,

मुलगी झाली. काल, रविवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. दोघी सुखरूप.

आता पहिल्यापासून सांगतो. कारखान्यात आज मी रजा टाकली आहे आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसून लिहितो आहे.

सकाळी सहालाच कळा सुरू झाल्या. टांगा करून आलो. शशिकला सिस्टर ड्यूटीवर होत्या, हे आमचं भाग्य. लतिकाला आत नेताना त्यांनी मला बोटाने बाक दाखवला, ‘हलू नका’ सांगितलं होतं तो. मी आणि आई बसलो. आईने मांडीवर तिची कापडी पिशवी धरली होती. पिशवीत काय आहे ते मी विचारलं नाही. ठाऊकच होतं.

बाळाचा आवाज आला. मी उठलो, बसलो, उठलो. सिस्टरचा आवाज ऐकू येत होता, “हं, लतिका, घे, ही घे.” आणि तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून कोणी ओरडलं, तिथल्या बाईचं एकदम अवघड झालं होतं, आणि सिस्टर धावत गेल्या. आत आयाबाई एकटी राहिली. तिने आपल्या रोजच्या सवयीने बाळ गुंडाळलं आणि बाहेर आणून आईच्या हातात दिलं. “लो माँजी, लछमी आई है.”

आईने बाळ मांडीवर घेतलं आणि पिशवी उघडली. चांदीची वाटी. मधाची बाटली.

मी म्हटलं, “आई, नको.”

“अरे, बोटभर मध. देवाचं नाव घेऊन लावायचा. रीत आहे ती.”

“नको. बाळ मला दे.”

“तुला धरता तरी येतं कां?”

येत नव्हतं. तरी घेतलं. आईने हात घट्ट केले नाहीत, पण सोडलेही नाहीत. मला एकेक बोट सोडवावं लागलं. आयुष्यात मी आईच्या हातातून काही काढून घेतलेलं नाही, ताई. आई म्हणाली, “चिंतामणी!” बाबा असताना हाक मारायची तशी. मी थांबलो नाही.

आत गेलो. आयाबाई मागून ओरडली, “ओ भिया, अंदर आदमी नहीं जाते!” मी “दो मिनट, बाई, दो मिनट” एवढंच म्हणत राहिलो. बाकीच्या खाटांवरच्या बायकांनी तोंडावर पदर घेतले. लतिका भिंतीकडच्या खाटेवर होती. तिने मान वळवून बाळाकडे हात केले होते, आणि ते हात तसेच हवेत होते.

मी बाळ तिच्याजवळ दिलं. ती घामाने भिजली होती. म्हणाली, “मुझसे नहीं होगा. मागच्या वेळीही...” बाळ रडत होतं, तोंड दुसरीकडेच नेत होतं. सिस्टर नाही, तू नाही. मग मी भिंतीकडे तोंड केलं आणि तुझं पत्र म्हणायला लागलो.

हसू नकोस. पाठच होतं. “फडकं सोड. उघड्या अंगाने उघड्या छातीवर ठेव. वरून पांघरूण. घाई करू नकोस. त्याला शोधू दे. तोंड मोठं उघडलं की जवळ घे, त्याचं डोकं खाली दाबू नकोस. घाबरू नकोस. होईल.” पहिल्या ओळी मी तुझ्या शब्दांत म्हटल्या. शेवटची दोन वाक्यं माझी कधी झाली ते कळलं नाही. “होईल, लतिका. होईल.” तेच म्हणत राहिलो, भिंतीला.

रडणं थांबलं. मला वाटलं काहीतरी वाईट झालं. वळायची हिंमत होईना. मग लतिका हळूच म्हणाली, “पीते आहे.”

पलीकडच्या खाटेवरच्या बाईने, पदरातूनच, विचारलं, “भिया, जरा फेर से बोलो तो, छोरे का मुँह कितना खोलना?”

मी वळलो तेव्हा आई दारात उभी होती. केव्हापासून ते माहीत नाही. मला वाटलं आता बोलेल. ती आत आली, स्वतःची शाल काढली, घडी केली आणि लतिकाच्या कोपराखाली सरकवली. म्हणाली, “हात अवघडेल पोरीचा. असं धर.”

मग माझ्याकडे बघून म्हणाली, “तू काय करतो आहेस बायकांच्या खोलीत? जा बाहेर.”

चिंतामणी


देवास, ४ फेब्रुवारी १९७९

ताई,

मागचं पत्र वाचून तुला वाटलं असेल की सगळं सोपं झालं. तसं नव्हतं. तिसऱ्या दिवशी घरी आणलं, त्या दिवशी पोर दुपारभर रडली. लतिकाच्या छातीला चिरा पडल्या होत्या, बाळ जवळ घेतलं की तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. शेजारच्या बाई डब्याची पावडर घेऊन आल्या. चांगल्या मनाच्या आहेत, म्हणाल्या, “दूध कम है बेचारी का.” लतिका माझ्याकडे बघायला लागली आणि तुझ्या पत्रात चिरांचं काही नव्हतं.

आई उठली. पावडरचा डबा शेजारणीच्या हातात परत दिला. लतिकाच्या पाठीशी बसली, बाळाचं तोंड नुसत्या टोकावर होतं ते सोडवलं आणि नीट, खोलवर लावलं. म्हणाली, “कमी नाही आणि काही नाही. ओढू दे तिला. जितकी ओढेल तितकं उतरेल.” तुझंच वाक्य! मी म्हटलं, “आई, हे तर ताईच्या पत्रातलं.” ती म्हणाली, “पत्रातलं नाही. माझं आहे.”

मग तिने जे सांगितलं ते तुला माहीत नसणार. मी विचारून लिहितो आहे. ती म्हणाली, लिही.

तू घरात झाली नाहीस, ताई. बाबांची मनावरहून धारला बदली झाली होती. ते पुढे गेले होते, आई मागून बैलगाडीने येत होती, बरोबर गाडीवान आणि त्याची बायको. वाटेतच झाडाखाली गाडी सोडावी लागली. गाडीवानाच्या बायकोने तुझी नाळ कापली, तुला पुसलं आणि सरळ आईच्या अंगावर टाकलं. “ले बाई, थारी छोरी.” तिला रीत माहीत नव्हती आणि अडवायला कोणी नव्हतं. आई म्हणाली, “तू तोंड मारलंस आणि लागलीस. मला कोणी शिकवलं नव्हतं, तुलाही नव्हतं. धार येईपर्यंत दोनदा प्यायलीस.”

घरी आजीने विचारलं, काही दिलंस कां? आईने ‘नाही’ सांगितलं. मग तीन दिवस आजीच्या रीतीने मध आणि गूळपाणी. पण आई तुला चोरून पाजत राहिली, न्हाणीघरात नेऊन. पुढची चार बाळंतपणं घरातच झाली, आजीच्या डोळ्यांसमोर. आई म्हणाली, “चोरायला जागाच नव्हती.” त्या चारांपैकी मी एकटा राहिलो. तीही म्हणाली, त्यामुळेच असं नाही सांगता येत. देवी आली होती, ताप आले होते. पण ती प्रत्येक वेळी त्या झाडाखालची तू आठवायची.

मी विचारलं, “मग धारला ताईला कां अडवलंस? तुला तर माहीत होतं.”

ती बाळाच्या लंगोटांच्या घड्या करत राहिली. मग म्हणाली, “मी चोरी केली होती रे. सासूशी खोटं बोलले होते. चोरी सुनेला कशी शिकवायची? आणि जयूला बघितलं की मला वाटायचं, माझ्या खोटेपणाचीच शिक्षा पोरीच्या कपाळी आली. बाविसाव्या वर्षी पांढरं कपाळ. म्हणून तिचा हात नको म्हटलं. तिच्यासाठी नाही, माझ्या भीतीपोटी.”

लतिका हे सगळं ऐकत होती. तिने बाळ आईच्या मांडीवर दिलं आणि आत जाऊन चहा टाकला.

आता कामाचं. बारावा दिवस परवाच झाला. आम्ही बारसं केलेलं नाही. आई म्हणते, नाव कानात सांगायला आत्या लागते, आणि आपल्या पोरीची आत्या उदयनगरला आहे.

मी म्हटलं, “आई, शेजारपाजारच्या बायका बोलतील. विधवा पाळण्याला हात लावते म्हणून.” माझ्या मनात नव्हतं, ताई, पण आईच्या तोंडून ऐकायचं होतं.

आई म्हणाली, “लोक बोलणार नाहीत. लोक पेढे खातील.”

तू माझ्यासाठी येऊ नकोस. माझं जे आहे ते तू सावकाश बघ, वर्ष लाव, दोन लाव. लतिका तुला बोलावते आहे, आणि आई. आणि एक बाई जिला अजून काहीच म्हणत नाहीत, सगळे नुसतं ‘ए’ म्हणून हाक मारतात, आणि ती दर दोन तासांनी हक्काने भांडून पिते.

तुझ्या त्या चार बायका मोकळ्या झाल्या की कळव. नाव तूच ठरव. आम्ही कोणी सुचवणार नाही.

तुझा
चिंतू